पाठ झालेले उत्तर आणि खिशातला खर्रा

तंबाखूने कॅन्सर होतो हे माहीत नसलेला माणूस वऱ्हाडात शोधून सापडायचा नाही. पानठेल्यावर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा. खर्रा घोटून घेणारा सांगेल आणि घोटून देणाराही सांगेल. देशाचे आकडे हेच म्हणतात. २०१६-१७ मध्ये झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात, ज्याला ‘गॅट्स’ म्हणतात, ९५.६ टक्के भारतीय प्रौढांनी मान्य केले होते की, खाण्याच्या किंवा दातांना लावण्याच्या तंबाखूने गंभीर आजार होतात. त्याच सर्वेक्षणात २१.४ टक्के प्रौढ ती तंबाखू वापरत होते. महाराष्ट्रात हे प्रमाण २४.४ टक्के होते. विडी-सिगारेट ओढणारे मात्र जेमतेम ३.८ टक्के. म्हणजे आपल्या राज्याचा प्रश्न धुराचा नाही, गालात धरलेल्या तोबऱ्याचा आहे.

माहिती आहे आणि तरी सवय आहे, हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न सरळ येतो. मग आपण शाळांमधून जे आरोग्यशिक्षण देतो, त्याचे यश कशावरून ठरवतो? उत्तर असे की, बहुतेक वेळा माहितीवरूनच ठरवतो. व्याख्यानाआधी मुलांना दहा प्रश्नांचा कागद द्यायचा, व्याख्यान झाले की तोच कागद पुन्हा द्यायचा. आधी सरासरी चार उत्तरे बरोबर, नंतर नऊ. त्यावर संख्याशास्त्राची चाचणी लावली की ‘पी-व्हॅल्यू’ अगदी बारीक येते, म्हणजे हा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता फार कमी. अहवाल तयार. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे कितीतरी प्रबंध या साच्यात बसवलेले असतात. गणित बरोबरच असते. प्रश्न एवढाच की फरक कशात पडला? तासाभरापूर्वी ऐकलेले तासाभराने परत सांगण्यात. शाळा सुटल्यावर त्या मुलाची पावले कोणत्या ठेल्याकडे वळतात, हे त्या कागदावर कुठेच नसते.

दुसरे मोजमाप आहे ‘तंबाखूमुक्त शाळा’ या पाटीचे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात नऊ निकष आहेत. आवारात फलक, प्रवेशद्वारावर फलक, दुष्परिणामांची पोस्टर्स, सहा महिन्यांत निदान एक उपक्रम, तंबाखू नियंत्रणासाठी नेमलेली व्यक्ती, शाळेच्या आचारसंहितेत तंबाखूबंदीचा उल्लेख, शाळेच्या हद्दीपासून १०० यार्डांची रेषा आखणे, त्या रेषेच्या आत तंबाखूचे एकही दुकान नसणे आणि आवारात वापराच्या खुणा, म्हणजे थुंकीचे डाग, पुड्या, थोटके, न दिसणे. गुण शाळेने स्वतःच भरायचे.

हे निकष वाईट आहेत असे मी म्हणत नाही. शंभर यार्डांचा नियम तर २००३ च्या कायद्यातला आहे आणि तो पाळला गेला तर फार मोठे काम होईल. पण नऊपैकी किती निकष रंगारी, पोस्टरवाला आणि कारकून मिळून पूर्ण करू शकतात ते मोजून पाहा. सात. उरलेले दोन, ठेल्याचे आणि थुंकीचे, तेवढे खऱ्या जगातले. आणि आठवी-नववीतली किती मुले गेल्या महिन्यात खर्रा खाऊन आली, हे नऊपैकी एकही निकष विचारत नाही. शाळेला पूर्ण गुण मिळू शकतात आणि वर्गातल्या दहा मुलांच्या खिशात पन्नी असू शकते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. निवडणूक, जनगणना, पोषण आहार सांभाळणाऱ्या माणसाला आणखी एक तक्ता भरायला दिला की तो भरून देतो. डोनाल्ड कॅम्पबेल नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये हेच लिहून ठेवले होते. एखाद्या आकड्यावर बक्षीस आणि शिक्षा ठरू लागली की तो आकडा बिघडतो आणि ज्या कामासाठी तो आहे तेही काम बिघडते. त्याच्यासमोर परीक्षांच्या गुणांचे उदाहरण होते. आमच्या क्षेत्रातही ते रोज दिसते. ज्या रजिस्टरमध्ये रक्तदाबाचे सगळे आकडे शून्यावर संपतात आणि पानामागून पान १२०/८० असते, ते रजिस्टर रक्तदाबाबद्दल फारसे काही सांगत नाही. ते सांगते की रजिस्टर भरलेले पाहिजे होते.

बरे, मुलांना सरळ विचारावे तर तिथे भाषेचीच अडचण. बाह्यरुग्ण विभागात ‘तंबाखू खाता का’ असे विचारले की उत्तर येते, ‘‘नाई जी, तंबाखू नाई खात, निरा खर्रा.’’ खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो हे सांगणाऱ्याला ठाऊक असते. पण त्याच्या लेखी तंबाखू म्हणजे तळहातावर मळून ओठात धरतात ती. बाई म्हणते, मी काही खात नाही, सकाळी मिशरी लावते तेवढी. आणि एखादा मुलगा छातीवर हात ठेवून सांगतो की, मी फक्त सुपारी खातो. तो खरे बोलत असतो. पण तोंड आखडण्याचा आजार, ज्यात गालाच्या आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते, तो मुख्यतः सुपारीनेच होतो. सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे. म्हणजे ‘तंबाखू खातोस का’ या एका प्रश्नाने तिघेही निसटले.

प्रश्न कुणाला विचारला, यानेही आकडा बदलतो. गॅट्समध्ये देशातल्या १४.२ टक्के स्त्रिया तंबाखू वापरत होत्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरील स्त्रियांचा हाच आकडा ८.९ टक्के आला. पुरुषांमध्ये ४२.४ आणि ३८. तीन-चार वर्षांत थोडी घट खरीच झाली असेल, पण बायकांमध्ये एवढी? गॅट्समध्ये घरातली एक व्यक्ती चिठ्ठी टाकल्यासारखी निवडतात आणि तिलाच, एकेका पदार्थाचे नाव घेऊन, विचारतात. कुटुंब सर्वेक्षणातला १५ वर्षांवरील सर्वांचा आकडा घरातल्या एका माणसाने सगळ्या घराबद्दल दिलेल्या माहितीतून येतो. सासूच्या मिशरीबद्दल सून परक्या माणसाला काय सांगेल, आणि सुनेच्या मिशरीबद्दल सासूला तरी ठाऊक असेल का, याचा अंदाज वाचकांनीच करावा. दोन्ही सर्वेक्षणे प्रामाणिक आहेत. पण त्यांचे आकडे शेजारी ठेवून ‘तंबाखू एवढ्या टक्क्यांनी घटली’ असे भाषणात सांगणे चूक आहे.

मुलांच्या बाबतीत भीतीची भर पडते. वर्गशिक्षक समोर उभे असताना, वहीवर नाव असताना, कोण लिहील? यावर जगात बराच विचार झाला आहे आणि त्यातला काही फार गमतीचा आहे. १९७७ मध्ये अमेरिकेत इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांचे दोन गट केले. एका गटाला आधी एक फिल्म दाखवली, लाळेच्या तपासणीत निकोटिन कसे सापडते याची, आणि त्यांची लाळ घेतली. मग दोन्ही गटांना धूम्रपानाबद्दल विचारले. फिल्म पाहिलेल्या गटातल्या जास्त मुलांनी ‘हो’ म्हटले. फरक मुलांच्या सवयीत नव्हता, पकडले जाण्याच्या शक्यतेत होता. आज लाळेतले किंवा लघवीतले कोटिनिन, म्हणजे शरीराने निकोटिनचे केलेले रूपांतर, खरोखरच मोजता येते. गेल्या दोन-तीन दिवसांतला वापर त्यात कळतो. ते खर्चिक आहे आणि मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीचा प्रश्नही आहे, म्हणून सरसकट करणे शक्य नाही. थोड्या मुलांमध्ये करून, बाकीच्यांच्या उत्तरांत किती खोट आहे याचा अंदाज मात्र घेता येतो.

दुसरी युक्ती बिनखर्ची आहे. स्टॅन्ले वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये तिचा पाया घातला. तिचे एक सोपे रूप असे. वर्गात ६० मुले आहेत. प्रत्येकाने कुणाला न दाखवता नाणे उडवायचे. छापा आला तर प्रश्न न वाचताच ‘हो’ लिहायचे. काटा आला तर ‘गेल्या ३० दिवसांत खर्रा खाल्ला का’ याचे खरे उत्तर लिहायचे. आता समजा ३६ जणांनी ‘हो’ लिहिले. साधारण ३० जणांना छापा आला असणार, त्यांचे ‘हो’ नाण्याचे. उरलेले ६ ‘हो’ काटा आलेल्या ३० मुलांतले, म्हणजे सुमारे २० टक्के. कोणत्या मुलाचे ‘हो’ खरे आणि कोणाचे नाण्याचे, हे मुख्याध्यापकांना कळू शकत नाही, पोलिसांना नाही, मलाही नाही. एका वर्गात नाणे थोडे इकडे-तिकडे होते, म्हणून हे हजार-बाराशे मुलांवर करायचे असते. पण तत्त्व नववीच्या मुलाला समजेल इतके सोपे आहे, किंबहुना गणिताच्या तासालाच शिकवावे असे आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारेल. प्रबोधन चालू आहे, ते चांगलेच आहे, मोजायचे कशाला? कारण चांगल्या हेतूचे कार्यक्रमही कुचकामी ठरू शकतात आणि मोजल्याशिवाय ते कळत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९८४ मध्ये एक प्रयोग सुरू झाला. ४० शालेय जिल्हे, ८,३८८ मुले. निम्म्या जिल्ह्यांत तिसरीपासून दहावीपर्यंत दरवर्षी धूम्रपानविरोधी धडे, त्यासाठी खास प्रशिक्षित शिक्षक. मुले शाळा सोडून दोन वर्षे होईपर्यंत पाठपुरावा, आणि तोही ९४ टक्के मुलांचा. पंधरा वर्षांनी निकाल काय? धडे घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या धूम्रपानात काही फरक नाही. संशोधकांनी तो निकाल २००० मध्ये जसाच्या तसा छापला. या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांचा हेवा वाटतो. आपल्याकडे असा प्रयोग झाला असता तर समारोपाला फेटे बांधून झाले असते.

याचा अर्थ शाळेत काहीच उपयोगी पडत नाही, असाही नाही. दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांमध्ये ‘मैत्री’ नावाचा प्रकल्प दोन वर्षे चालला. त्यात नुसती व्याख्याने नव्हती. मुलांमधूनच पुढारी निवडले, नकार कसा द्यायचा याचा सराव घेतला. ज्या शाळांत कार्यक्रम नव्हता तिथे तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला, ज्या शाळांत होता तिथे १७ टक्क्यांनी घटला. तुलनेला दुसरा गट होता म्हणून हे कळले. नुसत्या कार्यक्रमाच्या शाळा पाहिल्या असत्या तर घट छोटीच वाटली असती, आणि वाढ टळली हे तर दिसलेच नसते.

बिहारमधला शिक्षकांवरचा अभ्यास मला आपल्यासाठी जास्त बोलका वाटतो. त्यात नवी मुंबईच्या हीलिस सेखसरिया संस्थेचा सहभाग होता. ७२ शाळांपैकी निम्म्यांत शिक्षकांना तंबाखू सोडायला मदत केली. कार्यक्रम संपला त्या वेळी, तंबाखू वापरणाऱ्या शिक्षकांपैकी ५० टक्के जण गेले ३० दिवस तंबाखूपासून दूर होते. कार्यक्रम नसलेल्या शाळांत १५ टक्के. नऊ महिन्यांनी पुन्हा विचारले, या वेळी सहा महिने सोडलेले किती? १९ टक्के आणि ७ टक्के. पहिल्या दिवशीचा ५० चा आकडा घेऊन थांबले असते तर मोठी बातमी झाली असती. खरी बातमी १९ ची आहे, आणि तीही लहान नाही. ज्या गुरुजींच्याच खिशात डबी आहे त्यांच्याकडून वर्ग तंबाखूमुक्त करून घेण्याआधी गुरुजींना सोडायला मदत करावी, हे त्यातून निघते.

आता अमरावती-अकोल्याचे पाहू. गॅट्स राज्याचा आकडा देते, जिल्ह्याचा नाही. कोकण, मुंबई आणि वऱ्हाड यांची सरासरी काढली की खर्रा त्यात विरघळून जातो. २०१९ च्या जागतिक युवक तंबाखू सर्वेक्षणाने देशभरातल्या १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांना निनावी कागदावर विचारले. ८.५ टक्के मुले तंबाखू वापरत होती. आणि ज्यांनी खाण्याची तंबाखू कधी ना कधी घेतली होती त्यांच्यापैकी ५२ टक्क्यांनी ती दहावा वाढदिवस होण्यापूर्वीच घेतली होती. दहावा वाढदिवस म्हणजे चौथी-पाचवी. आपले बहुतेक कार्यक्रम आठवीपासून सुरू होतात. पण हे सर्वेक्षणही राज्यापर्यंतच येऊन थांबते.

न मोजण्याची, किंवा ज्याचे काम त्यानेच मोजण्याची, किंमत काय असते हे या भागाला नव्याने सांगायला नको. मेळघाटातले बालमृत्यू १९९३ मध्ये देशभर गाजले. पुढे स्वयंसेवी संस्थांनी राज्याच्या निरनिराळ्या भागांत गावोगाव जन्म-मृत्यू स्वतः नोंदले आणि डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल निघाला, तेव्हा सरकारी कागदावरचे मृत्यू प्रत्यक्षापेक्षा किती कमी होते ते समोर आले. धोरणावर त्यानंतरच गंभीर चर्चा सुरू झाली. मृत्यू लपत असेल तर पन्नी का लपणार नाही?

करायचे काय ते फार अवघड नाही. दोन जिल्ह्यांतल्या शाळांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून प्रत्येकी ३० शाळा निवडाव्यात. जिल्हा परिषदेच्या, खासगी, आश्रमशाळा, सगळ्या यादीत हव्यात आणि ‘आदर्श’ शाळा मुद्दाम घालू नयेत. प्रत्येक शाळेत ४० मुले धरली तर जिल्ह्याला १,२०० होतात. एका शाळेतली मुले एकाच ठेल्याच्या सावलीत वाढतात, त्यामुळे त्यांच्या सवयी सारख्या असतात. हे लक्षात घेऊन हिशेब केला तरी दहा टक्क्यांचा आकडा अडीच टक्के इकडे-तिकडे एवढ्या अचूकतेने मिळतो. कागदावर नाव नको. पदार्थांची नावे आपल्या बोलीतली हवीत: खर्रा, घोटा, मिशरी, सुपारी, सगळे वेगळे. ‘कधी खाल्ला का’ नको, ‘गेल्या ३० दिवसांत किती दिवस’ असे हवे. शाळेचे शिक्षक त्या वेळी वर्गाबाहेर हवेत, आणि कागद वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाने गोळा करावेत. अकोल्यात शासकीय महाविद्यालय आहे, अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय आहे. दरवर्षी प्रबंधांना विषय शोधणारी मुले दोन्हीकडे आहेत. आणि हे सगळे ३१ मेच्या शपथेच्या आगेमागे नव्हे, तर जानेवारीत, कुणाच्या ध्यानीमनी नसताना. पुढच्या जानेवारीत पुन्हा.

एक अट मात्र आधी लेखी घ्यावी लागेल. आकडा वाईट आला म्हणून कोणत्याही शाळेला नोटीस जाणार नाही. शाळेचे नाव छापले जाणार नाही, जिल्ह्याचा आकडा मात्र छापला जाईल, मग तो कितीही लाजिरवाणा असो. ही अट नसेल तर दुसऱ्या वर्षी सगळ्या शाळांत शून्य येईल, हे मी आजच सांगून ठेवतो.

सोबत एक मोजमाप असे आहे की ज्याला प्रश्नच लागत नाही. मुलाला स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे जोडून, उभी धरून, वरच्या-खालच्या समोरच्या दातांमध्ये घालायला सांगायचे. निरोगी तोंडात ती सहज जातात. दोनच जात असतील तर तोंड आखडायला लागले आहे. सुरुवातीचा आजार यात सापडत नाही, आणि तीन बोटे गेली म्हणजे मुलगा खात नाही असेही नाही. पण अर्ध्या मिनिटाचे काम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत जातेच. त्यांच्या तपासणीच्या कागदावर ही एक ओळ वाढवावी. ज्याच्या तोंडात दोनच बोटे जातात त्या मुलाला वर्गासमोर उभे करू नये, घरी फोन करून दम देऊ नये; दंतविभागाची चिठ्ठी द्यावी आणि तो खरोखर तिथे पोहोचला का, ते महिन्याभराने पाहावे.